विजू, कांडीचा नवा भाग गेला

विजू, गेला गं एकदाचा! आपल्या चित्रगोष्टीचा, कांडीचा नवा भाग आज सकाळी सगळ्या पालकांच्या मोबाइलवर गेला आणि तेव्हापासून मला हे कुणाला सांगू नि कुणाला नको असं झालंय. हेडसरांना सांगितलं, ते "छान, छान" म्हणून पुन्हा कागदांत घुसले. घरी सांगितलं तर ह्यांनी विचारलं, आता तरी जेवणार का. ही बातमी ऐकून खुर्चीवरून उठून नाचली असती अशी एकच बाई मला माहीत होती, आणि ती तू. तू जाऊन अजून महिना झालेला नाही. तुझ्याबद्दल चांगलं चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत. शाळेच्या फळ्यावर तुझ्या नावाआधी जी विशेषणं लागली होती ती तू वाचली असतीस तर डस्टर घेऊन धावली असतीस. मी तुला बातमी देणार आहे आणि मधेमधे थोडं भांडणार आहे.

कांडी जन्मली ती स्टाफरूममध्ये, माझ्या निबंधांच्या ढिगाऱ्याशेजारी. आठवीच्या मुलांना मी 'माझी भीती' हा विषय दिला होता आणि सगळ्या वर्गानं मिळून मला साप, अंधार आणि भूत एवढंच परत केलं होतं. मी कपाळाला हात लावून बसले होते. तू एक निबंध वाचलास, दुसरा वाचलास आणि हसायला लागलीस.

"अक्का, ह्यातलं एक तरी पोरगं सापाला भितंय का? ती उभं राहून वाचायला भितात. घरात आवाज चढला की भितात. पण ते तुमच्या निबंधात कशाला लिवतील की."

मला राग आला होता, खरं सांगते. चित्रकलेच्या बाईनं मराठीच्या बाईला निबंध शिकवायचा म्हणजे काय! पण तोवर तू मोबाइलवर बोटानं एक काटकुळी पोरगी काढली होतीस. डोक्यावर केसांऐवजी सूत, मागाच्या धोट्यात बसवायच्या कांडीवर असतं तसं गुंडाळलेलं. ती घाबरली की सूत सुटायचं, चिडली की त्याचा गुंता व्हायचा आणि खुशीत असली की छान वळलेलं राहायचं. आपल्या शाळेतल्या निम्म्या पोरांच्या आया घरी कांड्या भरतात, त्यामुळे नाव काय ठेवायचं हा प्रश्नच आला नाही. त्या दिवशी सुट्टीत तू कडक भाकरी नि शेंगाचटणी खाता खाता तिला एक खडूस मैत्रीण, एक घाबरट बकरी आणि एक न सुटणारं गणित एवढा संसार करून दिलास.

आणि मग तो पहिला भाग! अजून आठवलं की एकटीच हसते. तुझे वडील चादरींच्या नक्षीचे ग्राफ काढायचे, तू त्यांच्याशेजारी बसून चौकोन रंगवत मोठी झालेली. ग्राफवरची नक्षी खालच्या ओळीपासून वर चढते, कारण कापड तसंच विणलं जातं. तू कांडीच्या गोष्टीची एक लांबलचक पट्टी केलीस आणि सवयीनं सुरुवात केलीस तळापासून. सगळ्यात खाली कांडी जिन्याखाली लपून रडतेय आणि पट्टीच्या टोकाला ती बकरीशी फुगडी घालतेय. तुझ्या लक्षातही आलं नाही. माझ्याही नाही, कारण मी फक्त अनुस्वार तपासले होते. दुसऱ्या दिवशी वर्गात जुंपली. वरून खाली वाचलेली पोरं म्हणत होती, कांडीची गोष्ट लई वाईट, चांगली फुगडी घालत होती ती शेवटी रडत बसली. ज्यांच्या घरी चादरीचं काम चालतं ती पोरं म्हणत होती, येडे हाय का, खालून वाचा की. एका पालकांनी तर हेडसरांकडे तक्रार केली की मुलांच्या गोष्टीचा शेवट असा रडका कसा.

मी म्हटलं, ताबडतोब दुरुस्त कर. तू टेबलावर बसून पाय हलवत म्हणालीस, "अक्का, एका गोष्टीवरनं आख्खा वर्ग भांडतोय. असं तुमच्या धड्यावरनं कधी झालं का?" झालं नव्हतं. त्यानंतर कांडी कायमची तळापासून वर वाचायची ठरली. खाली एक छोटा बाण आणि त्याच्याशेजारी 'इथून चढा'. बाहेरून आलेल्या कुणी नाक मुरडलं की आठवीची पोरं त्यांना समजावून सांगायची आणि आपल्याला काहीतरी जास्तीचं कळतं म्हणून फुशारायची. सोहेल, जो उभं राहून वाचायची वेळ आली की पोट दुखतंय म्हणायचा, त्यानंच एका पाहुण्या अधिकाऱ्यांना अख्खा भाग खालून वर वाचून दाखवला. मी मागच्या बाकाजवळ उभी राहून डोळे पुसत होते आणि तू मला कोपरानं ढोसत होतीस.

चित्रांची मागची बाजू तुला सुचली ती मात्र चूक नव्हती, ती तुझी हुशारी. आपली चादर दोन्हीकडून वापरता येते, पुढं पांढऱ्यावर लाल फूल असलं की मागं लालवर पांढरं. तसं तू प्रत्येक चित्र दोनदा काढायला लागलीस. पुढच्या बाजूला कांडी म्हणते, "काही नाही, मी बरी आहे." बोट सरकवलं की तेच चित्र उलट्या रंगांत, आणि तिथं तिच्या मनातलं. प्रत्येक भागात एका चित्राची मागची बाजू कोरी असायची. ती पोरांनी लिहून फक्त तुझ्या नंबरवर पाठवायची. निबंधात मला तीन ओळी न देणारी पोरं तुला पानभर लिहायला लागली. माझ्या पोटात दुखलं, दुखणारच. पण तू त्यांचं लिहिलेलं मला कधी दाखवलं नाहीस, आणि दाखवलं नाहीस म्हणूनच ती लिहीत राहिली. एखादं फारच जड असलं की तू त्या पोराला विचारून महिन्यातून एकदा येणाऱ्या समुपदेशक ताईंकडे घेऊन जायचीस, स्वतः दाराबाहेर उभी राहायचीस. चित्रानं दार उघडतं, औषध त्याच्या आत बसलेल्या माणसाकडं असतं, असं तू म्हणायचीस.

आणि पाठवायचं कधी, तर काही दिवसांआड नळाला पाणी येतं त्या दिवशी. माझा विरोध होता, त्या दिवशी निम्मा वर्ग पाइप धरायला घरीच असतो. तू म्हणालीस, म्हणूनच तर. एरवी बापाचा मोबाइल बापासोबत एमआयडीसीत जातो आणि रात्री येतो तेव्हा पोरगं झोपलेलं असतं. पाण्याच्या दिवशी घरातलं मोठं माणूस बॅरल भरेपर्यंत घरी थांबतं, मोबाइल घरी थांबतो, आणि सगळे एका जागी उभे असतात. तेव्हापासून आपल्या शाळेभोवतीच्या गल्ल्यांत पाण्याच्या दिवशी पोरं मोठ्यानं वाचायला लागली. ज्या आयांना मराठी वाचता येत नाही त्यांना त्यांच्या तेलुगूत समजावून सांगायला लागली. मी वीस वर्षं प्रकट वाचन घेत आले, गं. असं वाचन मी ऐकलं नव्हतं.

एवढं सगळं जमलेलं असताना आपलं भांडण पेटलं ते रेणुकावरून.

आठवीतल्या रेणुकाचे वडील टॉवेलच्या कारखान्यात माग चालवायचे. ते अचानक गेले. पोरगी काही दिवसांनी शाळेत आली तेव्हा कुणी तिच्याशी बोलेना. तिच्या बाकावर कुणी बसेना. त्या आठवड्यात तुझी कांडी लोणच्याची बरणी फोडून लपत होती. मी तुला म्हटलं, विजू, कांडीच्या गोष्टीत एकदा मरण येऊ दे. तिच्या मैत्रिणीचे वडील जाऊ देत. ह्या पोरांनी आजी-आजोबा गेलेले पाहिलेत, रेणुकानं बाप गेलेला पाहिला, आणि आपण त्यांना लोणचं दाखवतोय.

तू पेन खाली ठेवलंस. तुझा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. म्हणालीस, न्हाय, ते कांडीत येणार न्हाय.

मग तू मला तुझ्या आईचं सांगितलंस. तू सहावीत असताना त्या गेल्या आणि वर्गात बाईंनी उभं राहून सगळ्यांना सांगितलं की विजयालक्ष्मीशी आता सगळ्यांनी चांगलं वागायचं. त्यानंतर वर्षभर तुला कुणी रागावलं नाही. खेळात तू आऊट झालीस तरी पोरी पुन्हा खेळायला द्यायच्या. गणितात भोपळा आला तरी बाईंनी डोक्यावरून हात फिरवला. "अक्का, मला वाटायचं कुणीतरी येऊन भांडावं की माझ्याशी. एकदा तरी. मरणाचा भाग काढला की सगळा वर्ग मान वळवून त्या एका पोरीकडं बघणार. मी ते बघणं बघितलंय."

पण गप्प बसले तर ती मी कसली. मी म्हटलं, तू नाही काढलंस तरी ते बघतातच आहेत, फक्त चोरून. रेणुकाला काय हवंय ते तिला विचारलंस का? तू म्हणालीस, विचारलं तर ती मान हलवील, पोरं आपल्याला हवं तेच सांगतात. तेव्हापासून हे भांडण आपण कुठंकुठं नेलं! स्कूटीवर नेलं, वह्या तपासताना नेलं, माझ्या भाच्याच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत नेलं, शेजारची बाई ताट घेऊन उठून गेली. दवाखान्यात दाखल झालीस त्या संध्याकाळी मी फोन केला तेव्हाही मी तोच विषय काढला, तुला बरं वाटावं म्हणून. तू दमलेल्या आवाजात हसलीस. "ठेवा अक्का ते तिथंच. मी आले की भांडू."

आता मी कुणाशी भांडू, सांग.

तू गेलीस आणि शाळेनं तेच केलं जे सगळ्या शाळा करतात. फोटो, हार, दोन मिनिटं स्तब्धता. पोरं खांबासारखी उभी होती. मग एक दिवस तुझा भाऊ तुझा मोबाइल घेऊन स्टाफरूममध्ये आला. फोन वाजत राहतो म्हणाला, घरात कुणाला उघडून बघायचा धीर होत नाही. पोरांचे निरोप होते. मी एकही उघडला नाही, तुझी शपथ. पण स्क्रीनवर वरचेवर एकच ओळ दिसत होती, वेगवेगळ्या नंबरांवरून. 'मॅडम, कांडी कुटं हाय?' भावानं विचारलं, ह्यांना काय उत्तर द्यायचं. त्याला मी चहा पाजला आणि म्हटलं, मी बघते.

मी बघते म्हटलं खरं, पण मला चित्र काढता येत नाही हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. माझी बकरी पाहून तू विचारलं होतंस, हे टेबल कुणाचं. म्हणून मी आठवीच्या वर्गात गेले आणि म्हटलं, आपण सगळे मिळून पुढचा भाग करू. तुझ्या भावानं त्याचा चादरींच्या डिझाइनचा कॉम्प्युटर वापरायला द्यायचं कबूल केलं होतं. आणि विजू, आता तुला हसू येईल. इतके महिने मरण काढ, मरण काढ म्हणून तुझ्यामागं लागलेली ही बाई वर्गासमोर उभी राहून म्हणाली, "आपण असं करू, कांडी मावशीकडे अक्कलकोटला राहायला गेली असं दाखवू." माझ्या तोंडून तेच निघालं. कारण त्या पोरांचे चेहरे समोर होते आणि मला एकदम तू कळलीस. ह्यांना अजून रडवायचं कशाला, एवढंच मनात आलं. आपल्या भांडणात मी तुझ्या बाजूला कधी आले ते मला समजलंसुद्धा नाही.

तेव्हा रेणुका उठली. ती कधी आपण होऊन उठत नाही, तुला माहीत आहे.

"खोटं नको, मॅडम," ती म्हणाली. "आमच्या घरी पप्पांचं कुणी बोलत न्हाय. आई रडंल म्हणून मी बोलत न्हाय, मी रडंन म्हणून आई बोलत न्हाय. कांडीनं तरी बोलू दे की."

सगळा वर्ग तिच्याकडं वळून बघायला लागला. अगदी तू सांगितलं होतंस तसं. मी घाबरले, पण ती बसली नाही. ती पण त्यांच्याकडं बघत राहिली. मग सोहेलनं विचारलं, "तू तेव्हा शाळेत आली तेव्हा तुझ्याशी बोलायचं का नाही ते कळंना आम्हाला. बोलायचं होतं का?" ती म्हणाली, "मग? डबा पण एकटीच खात होते मी." एवढं म्हणून ती खाली बसली आणि तिच्या शेजारची मुलगी ओक्साबोक्शी रडायला लागली, आणि रेणुका तिला गप्प करत होती.

त्यानंतर काय धमाल उडाली म्हणून सांगू! कुणीतरी म्हणालं, मॅडम आकाशात चांदणी झाल्या असं काढू. लगेच तीन-चार जण ओरडले की मॅडमना उंचीची भीती वाटायची, तक्ता लावायला स्टुलावर पण चढायच्या नाहीत. चांदणी रद्द. मग कुणी ढग सुचवला, तोही त्याच कारणानं रद्द. शेवटी तुला जमिनीवरच बसवायचं ठरलं, एका मोठ्या लाल चादरीवर, मांडी घालून. पुढच्या बाजूला कांडी प्रार्थनेच्या रांगेत ताठ उभी, हात जोडून, सूत चापूनचोपून वळलेलं. बोट सरकवलं की मागच्या बाजूला तिच्या डोक्यावर असा गुंता की तो पानाबाहेर जातो, आणि ती तुझ्यावर चिडलीय. वर्गातल्या प्रत्येकानं एक एक वाक्य दिलं. "मॅडम, चित्रकलेच्या तासाला आता गणित घेतात, तुमच्यामुळं." "मला घोडा शिकवते म्हणाला होतात, नुसते पायच शिकवले." "सांगून तरी जायचं की." मी सगळं फळ्यावर लिहून घेत होते. शेवटी तुझ्याशी कुणीतरी भांडलं गं, विजू. अख्खा आठवीचा वर्ग भांडला, आणि एकानंही तुला सूट दिली नाही.

आज पाणी आलं तेव्हा भाग गेला. मी मुद्दाम पायी गल्लीतून फिरले. नळापाशी, ओट्यावर, जिन्यात पोरं वाचत होती. कुणी मधेच हसत होतं, कुणी मधेच थांबत होतं, आणि थांबलं तरी कुणी घाई करत नव्हतं. दुपारी रेणुकाच्या आईचा आवाजातला निरोप आला, तो मी आतापर्यंत पुष्कळ वेळा ऐकलाय. "मॅडम, ती वाचत व्हती, मी पाइप धरून ऐकत व्हते. मग आमी दोगी बोलत बसलो, त्यांचंच. बॅरल कवाच भरला, पाणी रस्त्याला गेलं, न्हाय कळलं." आपल्या गल्लीत पाणी रस्त्याला जाऊ देणारी बाई मी पहिल्यांदा ऐकली.

तर भांडणाचं काय झालं? मला वाटतं तू म्हणत होतीस ते बघणं खरं होतं, आणि मी म्हणत होते ते गप्प बसणंही खरं होतं. ह्याच्यापुढचं मला एकटीला येत नाही. तू असतीस तर टेबलावर बसून पाय हलवत काहीतरी बोलली असतीस, मी चिडले असते आणि मग काहीतरी सुचलं असतं. तुझ्यामुळं पोरं लिहायला लागली, वाचायला लागली, ते मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू चेष्टा केली असतीस. आता म्हणते. चेष्टा कर.

एक सांगायचं राहिलं. भागातलं सगळ्यात वरचं चित्र, जिथं गोष्ट चढून संपते, तिथं तू चादरीवर बसलेली आहेस. ते रंगवून झालं तेव्हा रेणुका माझ्याजवळ आली आणि तिनं विचारलं, मॅडमच्या शेजारी पप्पांना बसवू का, चादर तशी मोठी आहे. कुणीतरी विचारलं, ते तिथं काय करत असतील? ती जरा विचार करून म्हणाली, "मॅडमच्या डिझाइनमधल्या चुका काढत असतील." वर्ग हसला, आणि ती पण हसली, मोठ्यानं, मागे रेलून. मग तिनं त्यांना स्वतःच्या हातानं काढलं. मिशा, चौकड्याचा शर्ट, खिशात कंगवा. नागनाथ नाव त्यांचं. माणूस चांगला, पण लई लाजरा, रेणुका सांगत होती. अनोळखी माणसाशी आधी बोलायला त्यांना जमत नाही. तेव्हा विजू, सुरुवात तूच कर.